निकाल लागला म्हणतात, पण कागद कुठे मिळतो? (जळगाव, धुळे, नंदुरबार)

तापीकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या शेतरस्त्याचं प्रकरण तहसीलदारांपुढे चालू होतं. शेजारच्यांनी बांधावरून केळीची ट्रॉली जाऊ देणं बंद केलं म्हणून वडिलांनी मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली दावा टाकला. स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला, दोन्हीकडचे जबाब झाले आणि प्रकरण निकालावर ठेवलं. त्यानंतर कधीही चौकशी केली की उत्तर एकच, साहेबांची सही बाकी आहे. मग समोरची पार्टीच पारावर सांगायला लागली की दावा फेटाळला. त्यांच्याकडे आदेशाची झेरॉक्स होती. आम्हाला ना टपाल, ना फोन.

कोणाच्या बाजूने लागला ते नंतर बघू. पण ज्याच्या शेताबद्दल निर्णय झाला त्याला तो कारणांसकट सगळ्यांत आधी मिळायला हवा. आणि उद्या त्याच शिवारात दुसऱ्याचा रस्ता अडला, तर आधीच्या प्रकरणात काय ठरलं होतं हे त्यालाही वाचता यायला हवं. आज त्यातलं काहीच सरळ होत नाही.

तर तहसील, प्रांत, दिवाणी कोर्ट, हायकोर्ट यांतला कुठला निकाल कुठे आणि कसा मिळतो? ज्याला जे माहीत आहे त्याने लिहा.

केळीचा_घड

भाऊ, आमना गावमा निकाल पहिले चहानी टपरीवर लागस, मंग कचेरीमा. 😀 पण नक्कल काढा आधी, बाकी गप्पा मंग.

काळा_कोट

तापीकाठ भाऊ, आधी मुदत बघा. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चा. त्याखालच्या निर्णयावर अपील नाही. कलम २३ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे रिव्हिजन, म्हणजे आदेशाची फेरतपासणी, होते आणि प्रत्यक्षात ती बहुतेक ठिकाणी प्रांतसाहेबांपुढे चालते. हाच रस्ता जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली मागितला असता तर वाट वेगळी होती. तिथे अपील आहे आणि निर्णयापासून एका वर्षात दिवाणी दावाही लावता येतो. लोक पुष्कळदा एकाच अर्जात दोन्ही कलमं घालतात आणि आदेश नेमका कशाखाली झाला ते नक्कल बघितल्याशिवाय कळत नाही. पारावरच्या झेरॉक्सवर विसंबून रिव्हिजन लिहायला घेऊ नका.

नक्कल अर्जावर प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावं, गाव आणि गट नंबर लिहा, कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

इथल्या सगळ्यांसाठी आणखी एक. महसूल अधिनियमाखालच्या अपिलाची मुदत कलम २५० मध्ये आहे. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर ६० दिवस, नाहीतर ९० दिवस. हे दिवस आदेश हातात मिळाल्यापासून मोजतात, आणि नक्कल तयार व्हायला लागलेला वेळही त्यातून वगळतात. आदेश कळवलाच नसेल तर ते सिद्ध करता आलं पाहिजे. म्हणून टपालाचं पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का कामी येतो.

पुण्यातला_खान्देशी

मला हा सगळा खटाटोप अनाठायी वाटतो. ई-कोर्ट्सचं ॲप आहे ना? प्रत्येक केसला १६ अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखांचा रोजनामा, आदेश, निकालपत्र, सगळं फोनवर. माझ्या काकांची जळगावची दिवाणी केस मी पुण्यात बसून बघतो. महसुली प्रकरणांसाठी राज्याची ईक्यूजे कोर्ट प्रणाली आहे, फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी' या संकेतस्थळावर दिसतात. कचेरीत जायचंच कशाला?

अमळनेरी

@पुण्यातला_खान्देशी, सीएनआर हातात असेल तर सोपं. नसेल तर नावाने शोधून बघा. चौधरी हे आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात? माझ्या सासऱ्यांच्या दाव्यात वादीचं चौधरी एका स्पेलिंगने आणि त्यांच्याच सख्ख्या भावाचं, जो प्रतिवादी आहे, दुसऱ्या स्पेलिंगने चढवलंय. पाटील टाकलं तर अख्खा तालुकाच समोर येतो. वर वर्ष चुकलं की शून्य. कॅप्चा भरून भरून म्हातारा माणूस कंटाळून फोन ठेवून देतो.

आणि ईक्यूजेवर आदेश कधी दिसतो? तिकडे बसलेल्या कारकुनाने चढवला तरच. आमच्या प्रकरणात तारखा दिसत होत्या, आदेशाची जागा कोरी.

जुना_शिरस्तेदार

मी न्यायखात्यात नोकरी केली, आता धुळ्यात निवृत्त आहे. कोर्टाच्या नकलेबद्दल थोडं लिहितो, कारण लोकांची गफलत नेमकी इथे होते.

भर कोर्टात न्यायाधीश बहुतेक वेळा निकालपत्राचा शेवटचा हुकूम तेवढा वाचतात, दावा मंजूर की नामंजूर, खर्च कोणावर. आतली दहा-वीस पानं वाचत नाहीत. पक्षकार तेवढं ऐकून घरी जातो आणि निकाल कळला असं समजतो. अपील मात्र त्या आतल्या पानांवर होतं. मुद्दे काय काढले, कोणता पुरावा मानला, कोणता का मानला नाही, हे सगळं तिथेच असतं.

सही-शिक्क्याची नक्कल घेतली की मागच्या पानावरचा शिक्का नीट बघा. तिथे तारखा असतात: अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी नेली. मुदतीच्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल तयार करायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात. तयार झालेली नक्कल तुम्ही नेलीच नाही आणि ती आठवडाभर विभागात पडून राहिली, तर ते दिवस वजा होत नाहीत. माझ्या नोकरीत यावरून अपिलं बाद झालेली मी पाहिली आहेत. माणसं चांगली, दावा चांगला, पण नक्कल वेळेवर नेली नाही.

फौजदारी प्रकरणात आरोपीला कैदेची शिक्षा झाली तर निकालपत्राची प्रत त्याला ताबडतोब आणि फुकट द्यायची असते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६३ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये आहे. घरच्यांना हे माहीत नसतं, ते मागतच नाहीत.

पुण्यातला_खान्देशी

शिरस्तेदार काका, मग ई-कोर्ट्सवरची पीडीएफ अपिलाला चालत नाही का? मजकूर तर तोच असतो.

काळा_कोट

वाचायला, वकिलाला दाखवायला, पुढचं ठरवायला उत्तम. अपिलाला प्रमाणित प्रत जोडायची असते. एक सांगते, माझे पक्षकार शहाद्याहून, अक्कलकुव्याहून येतात. पूर्वी "काय हुकूम झाला" एवढं विचारायला त्यांचा एसटीचा अख्खा दिवस जायचा. आता मी निशाणी ५ वरचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा, आदेश संध्याकाळी फोनवर पाठवते. हा मोठा फरक आहे, तो नाकारायचं कारण नाही.

आपले तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. तिथले आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर केस क्रमांकाने किंवा पक्षकाराच्या नावाने निघतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ई-एससीआर सुरू केलं, त्यांच्या अधिकृत निकालपत्रिकेतले निकाल तिथे फुकट आहेत.

जुना_शिरस्तेदार

हे फुकट होणं किती मोठं आहे ते जुन्या लोकांना विचारा. आमच्या वेळी नागपूरचे एआयआरचे (ऑल इंडिया रिपोर्टर, छापील निकालसंग्रह) खंड ज्या वकिलाच्या कपाटात, त्याच्याकडे नजीर, म्हणजे दाखल्याला द्यायचा जुना निकाल. तालुक्याच्या नवीन वकिलाला ते परवडायचे नाहीत. तो ज्येष्ठांच्या ऑफिसात जाऊन वहीत उतरवून आणायचा. पक्षकाराचा तर त्या कपाटाशी संबंधच नाही.

गिरणाकाठ

एक शंका. हे निकाल कोणीही छापू शकतो का? आमच्याकडे एक जण शेतीविषयक निकालांची पुस्तिका काढतोय, त्याला कोणीतरी कॉपीराइटची भीती घातली.

काळा_कोट

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर निकाल छापणं हे उल्लंघन नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. मूळ निकाल सर्वांचा. प्रकाशकाने स्वतःची बुद्धी लावून घातलेल्या टिपा आणि केलेली परिच्छेदांची मांडणी मात्र त्याची. तेव्हा त्याने खासगी पुस्तकातून उतरवू नये, कोर्टाच्या संकेतस्थळावरून घ्यावं आणि बिनधास्त छापावं.

सातपुड्याची_लेक

मी धडगावकडची. वरची चर्चा वाचली, आता आमच्या बाजूचं सांगते.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली डोंगरातल्या हजारो लोकांनी दावे टाकले. ग्रामसभा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती असा तो कागद चढत जातो. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी द्यायचं आणि ते दावेदाराला प्रत्यक्ष कळवायचं असं २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे. कळवल्यापासून वरच्या समितीकडे जायला ६० दिवस, समितीला पटलं तर आणखी ३०. नियम फार चांगला आहे, मी त्याच्या बाजूने बोलते. पण गावात काय येतं? एक यादी. त्यात अनुक्रमांक, नाव, गाव, क्षेत्र आणि शेवटच्या रकान्यात "पुरावा अपुरा". कोणता पुरावा? म्हाताऱ्यांचे जबाब नाही मानले, की पंचनामा नाही मानला, की जीपीएसचा नकाशा जुळला नाही? वरच्या समितीपुढे माणसाने काय घेऊन जायचं, हे त्या दोन शब्दांत कुठे आहे?

आणि यादी कधी येते, तर निम्मं गाव ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं असतं तेव्हा. कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीला चिकटतो, लोक होळीला परततात तोवर त्याचं काही उरलेलं नसतं.

२०१९ मध्ये हे सगळं एकदम अंगावर आलं. ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले होते त्यांना हटवण्याबाबत १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, २८ फेब्रुवारीला स्वतःच तो स्थगित ठेवला. पहिल्या आदेशाची बातमी आमच्या पाड्यांवर दोन दिवसांत पोचली, स्थगितीची पोचायला किती वेळ गेला! लोक विचारत होते, ताई, पेरणी करायची की नाही? मी इंग्रजी आदेश उघडून वाचला, मराठीत लिहून काढला, मग शाळेच्या ओट्यावर बसून पावरीत सांगितला. त्यात एकही ओळ अशी नव्हती जी आमच्या लोकांना समजली नसती. फक्त कोणीतरी त्यांच्या बोलीत सांगायला हवं होतं.

अमळनेरी

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. मराठी भाषांतर कोर्टाकडून मिळत नाही का?

सातपुड्याची_लेक

सर्वोच्च न्यायालय काही निकालांची मराठी भाषांतरं संकेतस्थळावर ठेवतं, २०१९ पासून त्यांचं सुवास नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठी वापरतात. त्यावर लिहिलेलं असतं की हे पक्षकाराला समजण्यापुरतं, अंमलबजावणीला इंग्रजीच खरं. ते ठीकच आहे. पण आमच्यासारख्या ठिकाणी 'समजण्यापुरतं' हेच तर सगळ्यात आधी लागतं.

माझा मामा नर्मदेकाठच्या बुडिताच्या गावातला. अक्कलकुवा आणि अक्राणी मिळून आपल्या राज्यातली ३३ गावं सरदार सरोवरात बाधित झाली. १९७९ च्या नर्मदा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यात लिहिलेलं होतं की ज्याची २५ टक्क्यांहून जास्त जमीन जाते त्याला किमान २ हेक्टर सिंचनाची जमीन द्यायची, आणि सज्ञान मुलगा हे वेगळं कुटुंब धरायचं. ही दोन वाक्यं मामाला आजही तोंडपाठ आहेत, तो शाळेत गेलेला नाही. बैठकांमधून ती पुन्हा पुन्हा सांगितली गेली म्हणून लोक अधिकाऱ्यासमोर उभं राहून म्हणू शकले, निवाड्यात आमच्या मुलाचंही आहे. निवाडा दिल्लीच्या कपाटात राहिला असता तर हे कोणी म्हटलं असतं?

केळीचा_घड

ताई, तुम्ही सांगं ते एकदम खरं शे. मामाले नमस्कार सांगा मना.

गिरणाकाठ

सगळं उघडं असावं हे मान्य, पण मला दुसरी बाजूही मांडायची आहे. माझ्या चुलतभावावर चेक न वटल्याची केस झाली होती, तो निर्दोष सुटला. आजही त्याचं नाव टाकलं की ती केस वर येते. मुलीच्या स्थळाच्या वेळी समोरच्यांनी तीच दाखवली. बहिणीच्या घटस्फोटाच्या निकालात घरातल्या गोष्टी जशाच्या तशा आहेत. तुमच्या शेतरस्त्याचा निकाल जगाने वाचला तर चालेल, पण आमच्या घरातला का वाचावा?

काळा_कोट

प्रश्न रास्त आहे आणि तो अजून पूर्ण सुटलेला नाही. बलात्कार पीडितेची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे, आधी भादंवि २२८-अ, आता न्याय संहितेचं कलम ७२. पोक्सोत बालकाची ओळख झाकायची असते. निर्दोष सुटलेल्याचं काय, यावर मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये इंडियन कानून या निकालांच्या संकेतस्थळाला एक निकाल काढून टाकायला सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत त्याला स्थगिती दिली.

माझं मत विचाराल तर निकाल काढून टाकू नये, नाव झाकावं. न्यायाधीशाने काय कारण दिलं हे लोकांना दिसलं पाहिजे. त्यासाठी तुमच्या बहिणीचं नाव कळायची गरज नाही. नाव झाकण्याचा अर्ज केस चालू असतानाच द्यायचा, नंतर फार जड जातं.

गिरणाकाठ

हे कोणी आधी सांगितलंच नाही. धन्यवाद ताई.

माहिती_मागणारा

इतका वेळ कोणी माहिती अधिकाराचं नाव काढलं नाही याचं नवल वाटलं. २००५ च्या कायद्याचं कलम ४(१)(घ) वाचा. प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला कळवणं हे कार्यालयाचं स्वतःहून करायचं काम आहे, अर्जाची वाट बघायची नाही. तहसीलदारांचा रस्त्याचा आदेश अर्धन्यायिकच. १० रुपयांचा अर्ज, पानाला २ रुपये, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. शिवाय राज्य शासनाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे जिल्हा व खालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. तापीकाठ, सोमवारी जा आणि अख्खी संचिका मागा. आदेशाच्या आधीची टिपणी आणि स्थळपाहणीचा नकाशा त्यातच असतो.

काळा_कोट

एक दुरुस्ती. कोर्टातल्या नकलांसाठी माहिती अधिकार वापरायला जाऊ नका. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सांगितलंय की कोर्टाच्या नियमांत नक्कल मिळायची सोय असेल तर त्याच वाटेने जायचं. तहसीलमध्येही नक्कल अर्ज आधी, कारण मुदतीचा हिशोब त्यावर चालतो.

माहिती_मागणारा

कोर्टापुरतं मान्य. पण तहसीलमध्ये मी दोन्ही अर्ज एकाच दिवशी देतो. नक्कल अर्जाला कोणी विचारत नाही तेव्हा माहिती अर्जाची ३० दिवसांची मुदत उपयोगी पडते, आणि पहिल्या अपिलात वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. यावर आपलं एकमत होणार नाही.

काळा_कोट

दोन्ही द्यायला माझी ना नाही. नक्कल अर्ज टाळू नका एवढंच म्हणणं.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. नक्कल मिळाली, पोच घेतली होती म्हणूनच मिळाली. सोमवारी संचिकाही पाहिली.

आदेश पावणेदोन पानांचा. पहिल्या दीड पानात दोघांचं म्हणणं, आणि निष्कर्ष असा: "मौक्याची स्थिती पाहता वादग्रस्त ठिकाणी वहिवाटीचा रस्ता असल्याचे दिसून येत नाही, सबब अर्ज नामंजूर." संचिकेत मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा आहे, त्यात लिहिलंय, "बांधाच्या उत्तरेस बैलगाडीच्या चाकोऱ्या दिसून येतात," खाली पाच पंचांच्या सह्या. त्या पंचनाम्याचा आदेशात उल्लेखच नाही. तो का मानला नाही याचं एक वाक्य नाही. समोरच्याचं खरं धरलं असेल तर धरा, पण मग वडिलांना सांगा की चाकोऱ्या कुठल्या होत्या. ते ऐंशीच्या पुढचे आहेत, रात्री हाच प्रश्न विचारतात.

काळा_कोट

हाच तुमच्या रिव्हिजनचा पहिला मुद्दा. पुराव्याचा विचार न करता, कारण न देता दिलेला आदेश टिकणं अवघड. पंचनाम्याचीही प्रमाणित प्रत घ्या, झेरॉक्सवर भागवू नका. रस्ता आज बंद आहे आणि माल काढायचा असेल तर रिव्हिजनसोबतच तात्पुरत्या आदेशाचा अर्ज द्या.

जुना_शिरस्तेदार

तापीकाठ, वडिलांना सांगा चाकोऱ्या कागदावर आहेत, कुठे गेलेल्या नाहीत. जुना फेरफार किंवा मोजणीचा नकाशा असेल तर तोही काढून ठेवा. जुन्या कागदपत्रांच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर शोधा, नाहीतर भूमी अभिलेखात अर्ज द्या.

सातपुड्याची_लेक

माझी एक सूचना आहे. आम्ही आमच्या ग्रामसभेत मांडणार आहोत, तुम्हीही मांडा. ठराव असा: गावाच्या हद्दीतल्या जमिनीबद्दल, रस्त्याबद्दल, वनहक्काबद्दल तहसील, प्रांत किंवा समितीने दिलेला प्रत्येक आदेश ग्रामपंचायतीकडे यावा, पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि एका फायलीत कायम ठेवावा, कोणालाही बघता येईल असा. २६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आहे. ठरावाची नक्कल तहसीलदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना.

अमळनेरी

आमच्याकडेही मांडतो. ग्रामसेवक आप्पांशी बोलून घेतो, ते नाही म्हणणार नाहीत.

गिरणाकाठ

कौटुंबिक आणि लहान मुलांची प्रकरणं त्यातून वगळा असं ठरावातच लिहा.

सातपुड्याची_लेक

लिहिलं. जमीन, रस्ता, पाणी आणि वनहक्क एवढंच ठेवलंय.

माहिती_मागणारा

वाचून दाखवताना प्रकरण क्रमांक, आदेशाची तारीख आणि कलम तिन्ही इतिवृत्तात नोंदवायला सांगा. नुसतं "रस्त्याचा आदेश वाचला" असं लिहिलं तर पुढे त्यावरून नक्कल मागता येणार नाही.